शिरोरेषेवरची तांबडी कड

चित्रपटाच्या सुरुवातीला काळ्या पडद्यावर पांढरी श्रेयनामावली येते, तेव्हा अक्षरांकडे नीट पाहा. शिरोरेषेच्या वरच्या कडेला बारीक तांबडी रेघ आणि खालच्या कडेला मोरपंखी छटा दिसली, तर प्रोजेक्टरमधलं तांबडं चित्र वर सरकलेलं आहे. (तांबडं, हिरवं आणि निळं अशी तीन चित्रं एकावर एक बसली की पांढरं दिसतं.) हीच जोडी कान्याच्या डाव्या-उजव्या बाजूंना दिसली, तर ते आडवं सरकलंय. देवनागरीत आडवी रेघही आहे आणि उभीही, त्यामुळे हा दोष मराठी पाट्यांवर रोमन अक्षरांपेक्षा लवकर पकडता येतो. प्रोजेक्टरच्या केबिनमधले लोक याला 'कन्व्हर्जन्स आऊट आहे' म्हणतात, म्हणजे तिन्ही रंग एकमेकांवर नीट बसलेले नाहीत.

दोष डिजिटल यंत्राच्या नावावर जमा झाला असला, तरी मुंबईची त्याच्याशी ओळख फार जुनी आहे. 1894 मध्ये मुंबईत राजा रविवर्म्यांचा शिळाछापखाना सुरू झाला; तिथे दगडावर चित्र काढून ते कागदावर छापत. प्रत्येक रंगाचा दगड वेगळा आणि कागद एकच. एक दगड सूतभर चुकला की ओठांचा रंग हनुवटीवर. रंगांचा हा मेळ बिघडला की छापखान्यातली माणसं आजही म्हणतात, 'रजिस्टर हललं.' दादासाहेब फाळक्यांनी याच छापखान्यासाठी काम केलं, पुढे स्वतःचा छापखाना काढला आणि 1909 मध्ये रंगीत छपाईच्या यंत्रांसाठी जर्मनी गाठली. 3 मे 1913 रोजी गिरगावातल्या कोरोनेशनमध्ये ज्यांचा चित्रपट लागला, ते आधी रंगावर रंग बसवणारे कारागीर होते आणि त्यांचा चित्रपट मात्र काळापांढरा होता. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो.

सिनेमात रंग आला तो याच छपाईच्या वाटेने. 1932 मध्ये टेक्निकलरचा तीन पट्ट्यांचा कॅमेरा आला. आत लोलक, तो प्रकाश फोडणार, तांबड्या-हिरव्या-निळ्याची वेगवेगळी नोंद होणार आणि मग प्रयोगशाळेत तीन रंग एकाच फिल्मवर एकावर एक छापले जाणार. सोहराब मोदींचा 1953 चा 'झाँसी की रानी' याच तंत्राचा. मेळ चुकला तर प्रयोगशाळेत चुके. थिएटरमधल्या ऑपरेटरच्या हातात काहीच नसे. 1950 मध्ये ईस्टमनकलर आलं आणि तिन्ही रंगांचे थर एकाच फिल्मवर कायमचे बसले. त्यानंतरच्या ऑपरेटरांच्या पिढ्यांनी फोकस, दिव्यातल्या कार्बनच्या कांड्या, तुटलेली रिळं सांभाळली. रंग एकमेकांवर बसवण्याची वेळ त्यांच्यावर आली नाही.

ती आली डिजिटलमुळे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समधल्या लॅरी हॉर्नबेक यांनी 1987 मध्ये सूक्ष्म आरशांची चिप शोधली. 1999 मध्ये अमेरिकेत तिच्यावर पूर्ण लांबीचा चित्रपट दाखवला गेला आणि 2005 मध्ये हॉलिवूडच्या स्टुडिओंनी डिजिटल सिनेमाचे नियम ठरवले. थिएटरच्या मोठ्या प्रोजेक्टरमध्ये अशा तीन चिपा असतात. लोलक पांढरा प्रकाश फोडतो, प्रत्येक चिप आपल्या रंगाचं चित्र बनवते आणि तोच लोलक तिन्ही पुन्हा एकत्र आणतो. म्हणजे टेक्निकलरच्या कॅमेऱ्यातला लोलक उलट्या वाटेने केबिनमध्ये आला, आणि रजिस्टर सांभाळण्याचं कामही सोबत घेऊन आला. एकाच चिपच्या लहान प्रोजेक्टरला हा त्रास नाही. तिथे रंग एकामागून एक येतात, त्यामुळे जुळवायला दुसरं चित्रच नसतं.

काम किती नाजूक आहे पाहा. 2के यंत्रात पडद्याच्या रुंदीला 2048 ठिपके. पडदा 12 मीटरचा असेल तर एक ठिपका जवळपास 6 मिलिमीटरचा. चिपवर त्याचा आरसा मात्र साधारण 14 मायक्रॉनचा, केसाहून कितीतरी बारीक. चिप तेवढी हलली की पडद्यावर 6 मिलिमीटरची रंगीत कड.

म्हणून स्क्रूला हात लावण्याआधी निदान पक्कं हवं. तांबडं-मोरपंखी म्हणजे तांबडी चिप, निळं-पिवळं म्हणजे निळी. हिरव्याला सहसा हलवत नाहीत. उजेडाचा सर्वांत मोठा वाटा त्याचा, म्हणून तो आधार धरून बाकीचे दोन त्यावर आणतात. सगळ्या पडद्यावर कड सारखीच असेल तर चिप सरकली आहे. एका बाजूला वर आणि दुसऱ्या बाजूला खाली असेल तर ती फिरली आहे. मध्यभाग स्वच्छ आणि फक्त कोपऱ्यांत कडा फुटत असतील, तर संशय लेन्सवर घ्यावा; तिथे चिपशी खेळणं म्हणजे चांगलं यंत्र बिघडवणं. आणि एखादा रंग पूर्णच गायब असेल तर तो कन्व्हर्जन्सचा प्रश्न नाही, इलेक्ट्रॉनिक्स तपासायला हवं.

उष्णतेचाही हिशेब आहे. धातू तापला की पसरतो, म्हणून थंड यंत्रावर जुळवलेले रंग तासाभरात पुन्हा सुटू शकतात. आधी दिवा लावून अर्धा तास तरी यंत्र तापू द्यायचं आणि मगच तपासणीचा उभ्या-आडव्या रेघांच्या जाळीचा नमुना पडद्यावर आणायचा. धुळीने फिल्टर चोंदला की आतलं तापमान चढतं. रस्त्याकाठच्या जुन्या थिएटरांत या शहरात फिल्टर लवकर काळा होतो. अनेक नव्या यंत्रांत चित्र एकेका ठिपक्याने सरकवायची सोय सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण अर्ध्या ठिपक्याची चूक आणि फिरलेली चिप यांना अजून हातच लागतो.

मल्टिप्लेक्समध्ये आता बऱ्याचदा केबिनमध्ये माणूस नसतो. खेळ संगणक लावतो. उपनगरातल्या एका थिएटरात मी मध्यंतरात सांगितलं, 'चित्र धूसर आहे.' कोणीतरी जाऊन फोकस फिरवला, कड तशीच राहिली. पुढच्या वेळी मी म्हणाले, 'शिरोरेषेच्या वर तांबडं दिसतंय, सगळ्या पडद्यावर सारखंच.' त्या मुलाने ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. आठवड्याने गेले तेव्हा अक्षरं पांढरी होती.