डीपीजवळचं घर आणि डीपीपासून दूरचं वावर

हरभऱ्याच्या ओलितासाठी लाइन आली की गावातल्या मोटरी एकदम सुरू होतात. डीपीला, म्हणजे गावातल्या ट्रान्सफॉर्मरला, लागून असलेल्या घरातला बल्ब तसाच राहतो. शेवटच्या वावरातल्या झोपडीतला मात्र पिवळा पडतो. करंट जितका जास्त ओढला जातो, तितकं जास्त व्होल्टेज मधली लांब तार खाते.

आमच्या भजनी मंडळाच्या अ‍ॅम्प्लिफायरला हेडफोन लावला की हेच व्हायचं. खंजिरी ठीक वाजायची, ढोलकीची डावी थाप मात्र घुमत राहायची. तोच हेडफोन मोबाइलला लावला की थाप घट्ट. झाकण उघडलं, तर हेडफोनच्या जॅकआधी करंट अडवणारा ३३० ओहमचा रेझिस्टर दिसला (ओहम हे अडथळ्याचं माप). म्हणजे आमचा हेडफोन डीपीपासून फार दूर राहत होता.

हेडफोनवर ३२ ओहम छापलेलं असलं तरी तो आकडा सगळ्या सुरांना सारखा नसतो. पडदा ज्या खर्जाच्या सुरावर आपोआप डोलतो, तिथे समजा तो ६० झाला. मध्ये ३३० ओहम असतील तर तेवढाच खर्ज सुमारे ५ डेसिबलनं फुगतो. मध्ये ४ ओहमच असतील तर जेमतेम अर्ध्या डेसिबलनं.

दुसरी गोष्ट ब्रेकची. जुन्या रेडिओचा सुटा स्पीकर घ्या आणि पडद्यावर बोटानं टिचकी मारा. मग त्याची दोन्ही टोकं तारेनं जोडून पुन्हा मारा. आवाज लगेच दबतो. चुंबकात हलणारी कॉइल स्वतः वीज तयार करते आणि तिला वाट मिळाली की तीच वीज कॉइलला आवरते. ३३० ओहममधून ती वाट जवळपास बंदच असते.

मॅचिंग म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर आणि हेडफोन, दोन्हीकडचे ओहम सारखे करणं, असं पुष्कळ जण समजतात. हेडफोनच्या बाबतीत ते चुकीचं आहे. सारखे केले तर अर्धं व्होल्टेज आतच जातं. अ‍ॅम्प्लिफायरकडचा अवरोध हेडफोनच्या आठव्या भागाइतका किंवा त्याहून कमी असावा, हा हिशेब बरा.

आम्ही जॅकवर, डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना, हेडफोनला समांतर ३.९ ओहमचा एकेक रेझिस्टर डाख देऊन बसवला. ३३० आणि ३.९ समांतर धरले की हेडफोनला समोर ४ ओहमहून कमीच दिसतात. आवाज बराच उतरतो, नॉब वाढवावा लागतो. पण थाप आता पडते तिथेच थांबते. एक मात्र सांभाळा: लाउडस्पीकरच्या १०० व्होल्ट लाइनच्या टोकांना हेडफोन कधीही जोडू नका.