चारपासून निघून शून्यावर

‘जगातली सर्वांत मोठी मूळ संख्या सापडली’ अशा मथळ्यांतून ‘आजवर माहीत असलेली’ हे शब्द गळतात, आणि ते गळून चालत नाही. मूळ संख्यांना शेवटच नाही, हे युक्लिडने दोन हजार वर्षांपूर्वीच सिद्ध केलंय.

ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरंट यांना सापडलेली संख्या अशी: २ चा १३,६२,७९,८४१ वा घात घ्या आणि त्यातून १ वजा करा. उत्तरात ४,१०,२४,३२० अंक आहेत. डब्लिनमधल्या ग्राफिक्स प्रोसेसरने ११ तारखेला ती मूळ असावी असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओत खात्री झाली.

एवढ्या संख्येला भागून बघणं अशक्य. मग खात्री कशी करतात? लुका-लेमर कसोटीने.

आपण ३१ घेऊ, म्हणजे २ चा पाचवा घात वजा १. सुरुवात ४ पासून. वर्ग करा, २ वजा करा, ३१ ने भागून बाकी ठेवा. घातांकापेक्षा दोन कमी वेळा, इथे तीनदा. पहिल्यांदा १४. मग १९४, बाकी ८. मग ६२, बाकी शून्य! शून्य आलं की संख्या मूळ, नाही आलं तर नाही.

मला यात सर्वांत आवडतं ते बाकी काढणं, कारण भागाकार करावाच लागत नाही. ३२ मधून ३१ गेले की १ उरतो. १९४ म्हणजे ३२ चे सहा गठ्ठे आणि वर २. गठ्ठ्यामागे १ उरणार, म्हणून ६ अधिक २, आठ. द्विमान पद्धतीत १९४ म्हणजे ११००००१०. उजवीकडचे पाच अंक तोडायचे आणि डावीकडे राहिलेले ११० त्यांत मिळवायचे. झालं. ड्युरंट यांच्या संख्येसाठी हेच १३,६२,७९,८३९ वेळा.

पण शून्यच का? ४ ही २+√३ आणि २−√३ यांची बेरीज. दोघांचा गुणाकार १, म्हणून वर्ग करून २ वजा केले की दोघांच्या वर्गांची बेरीज मिळते. दर पायरीला घात दुप्पट. शेवटी शून्य आलं, तर या घातांचं चक्र इतकं लांब ठरतं, की संख्येला लहान विभाजक असता तर त्याच्या बाक्यांत ते मावलंच नसतं.

अंकज्योतिषवाल्यांसाठीही सांगतो. ७ नंतरच्या प्रत्येक मर्सेन मूळ संख्येच्या (म्हणजे ‘२ चा घात वजा १’ अशा रूपाच्या मूळ संख्येच्या) अंकांची बेरीज एक अंक उरेपर्यंत केली, तर १ किंवा ४ च येतो. ड्युरंट यांच्या संख्येचा ४. कारण ९ ने भागल्यावरच्या बाकीत आहे, राहूत नाही. बँकेच्या सुरक्षेलाही ही संख्या लागत नाही. तिथे काहीशे अंकी मूळ संख्या पुरतात, आणि त्या गुप्त असाव्या लागतात.

एदुआर लुका यांनी १८७६ मध्ये आपल्या पद्धतीने २ चा ६७ वा घात वजा १ ही संख्या मूळ नाही, हे दाखवलं. एकही विभाजक हाती नसताना! ते विभाजक १९०३ मध्ये फ्रँक कोल यांनी मांडले: १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७.