दोन टक्के दलाली कायद्याने ठरलेली नाही

जुन्या फ्लॅटचं टोकन द्यायची वेळ आली की एजंट हमखास म्हणतो, "दोन टक्के, दोन्हीकडून. नियमच आहे." असा नियम नाही. 2016 च्या रेरा कायद्यात, म्हणजे घरबांधणी आणि घरविक्रीचं नियमन करणाऱ्या कायद्यात, दलालीचा दर कुठेच दिलेला नाही. हा बाजाराचा रिवाज आहे, आणि रिवाजावर घासाघीस करता येते. 80 लाखांच्या घरावर दोन टक्के म्हणजे 1 लाख 60 हजार; एका टक्क्यावर ठरलं तर 80 हजार वाचतात. कर्ज काढून घर घेणाऱ्याला ही रक्कम लहान नाही. म्हणून घरं बघायला निघण्याआधीच बोला: किती, जीएसटी धरून की वेगळा, आणि पैसे टोकनला की खरेदीखताची नोंदणी झाल्यावर? मग ते लिहून घ्या, निदान व्हॉट्सॲपवर तरी.

कायद्याची सक्ती आहे ती वेगळ्या गोष्टीची. रेरा-नोंदणीकृत प्रकल्पातली घरं विकणाऱ्या एजंटची स्वतःची नोंदणी हवीच. महारेराने, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाने, त्याला दिलेला क्रमांक 'ए'ने सुरू होतो, प्रकल्पाचा 'पी'ने. दोन्ही क्रमांक महारेराच्या संकेतस्थळावर तपासता येतात. जुन्या सोसायटीतल्या पुनर्विक्रीला मात्र ही सक्ती नाही. तिथे तुमची लेखी बोलीच कामाला येते.