घोड्यांसाठी तारेचे कुंपण

घोडे कुरणात मोकळे सोडताना त्यांना इजा होणार नाही अशा बेताने घातलेले तारेचे किंवा जाळीचे कुंपण. गुरांना चालते ते घोड्याला चालेलच असे नाही. गाय तारेत अडकली तर बरेचदा थांबून राहते. घोडा बिथरतो आणि अडकलेला पाय जिवाच्या आकांताने ओढतो. त्याच्या गुडघ्याखाली स्नायू जवळजवळ नसतातच, पातळ कातडीखाली कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट दोर) आणि हाड. त्यामुळे तिथली जखम चटकन खोल जाते, सावकाश भरते आणि भरताना तिच्यावर फाजील मांस वाढते. कंडरा तुटली तर घोडा जन्माचा लंगडा होऊ शकतो.

अमेरिकेतील इलिनॉय राज्याचे जोसेफ ग्लिडन यांनी १८७४ मध्ये पेटंट घेतलेली काटेरी तार तिथल्या गवताळ प्रदेशात गुरे अडवण्यासाठी पसरली. आपल्याकडेही शेताच्या बांधावर ती सर्रास दिसते, कारण ती स्वस्त पडते. घोड्यांच्या कुरणाला मात्र ती लावूच नये. तिच्यात वीज सोडणे तर त्याहून घातक, कारण काट्यांत अडकलेल्या जनावराला झटके बसतच राहतात.

सर्वांत भरवशाची ती २ × ४ इंच घरांची विणलेली जाळी. तिच्यात शिंगराचा खूरही शिरत नाही. मोठ्या घरांच्या जाळीत टाप आरपार जाते आणि पाय मागे घेताना तार नाल व खूर यांच्या फटीत घुसते. वेल्ड केलेल्या जाळीला घोडा अंग घासू लागला की सांधे सुटून टोके उघडी पडतात. जाळी कोणतीही असो, तिच्या वरच्या कडेला फळी किंवा पाइप हवा. तो लांबून दिसतो आणि घोड्याने मान टाकली तरी जाळी वाकत नाही.

१२.५ गेजची, म्हणजे सुमारे २.५ मिमी जाडीची गुळगुळीत तार ताणली की मजबूत असते, पण भरधाव घोड्याला ती दिसत नाही. तिच्याऐवजी प्लास्टिकचे आवरण असलेली तार किंवा ४० मिमी रुंदीची विजेची पट्टी बरी. पट्टीला झटका मशीनच जोडावे, घरची लाइन कधीही नाही. मशीन साधारण सेकंदाला एक क्षणिक झटका देते. उन्हाळ्यात जमीन वाळली की अर्थिंग कमजोर होते, म्हणून अर्थिंगच्या सळया खोल ठोकून तिथे पाणी घालत राहावे.

कुंपणाची उंची साडेचार ते पाच फूट असावी. जाळी खांबांच्या आतल्या, म्हणजे घोड्याच्या बाजूने बांधतात. बाहेरून बांधल्यास धडकेने ती खांबापासून सुटते. कोपऱ्याच्या खांबांवर सगळा ताण येतो, त्यांना तिरके टेकू द्यावे लागतात. कोपरे गोलसर ठेवले तर दांडगा घोडा दुसऱ्याला तिथे कोंडून मारू शकत नाही. खांब लोखंडी अँगलचे असतील तर त्यांच्या टोकांवर टोप्या बसवाव्यात. काम संपल्यावर गवतातले तारेचे तुकडे एकूण एक वेचावेत, कारण तुकडा तळव्यात रुतला की खूर आतून पिकतो. घोड्याला पहिल्यांदा आत नेताना दिवसाउजेडी, दोरीने धरून, कुंपणाच्या कडेने पूर्ण फेरी मारून आणावे.