लहान मातीचे धरण व त्याची सुरक्षितता (पुणे जिल्हा)

ओढ्यावर किंवा लहान नदीवर माती-मुरुमाचा भराव घालून बांधलेले, साधारणतः पाच ते पंधरा मीटर उंचीचे धरण. पुणे जिल्ह्यात अशी धरणे पाझर तलाव, गाव तलाव किंवा लघु पाटबंधारे तलाव म्हणून ओळखली जातात. निव्वळ पूर अडवण्यासाठी बांधलेला तलाव इथे अपवादानेच सापडेल. पाणी जिरावे, खालच्या विहिरींना पाझर मिळावा, थोडीफार शेती भिजावी हाच मूळ हेतू असतो. तरीही जून-जुलैत रिकामा असलेला तलाव पावसाचा पहिला लोंढा पोटात घेतो आणि ओढ्याकाठच्या वस्तीवरचा पूर आपोआप टळतो. तलाव भरला की हा उपयोग जवळजवळ संपतो. त्यापुढे येईल तेवढे पाणी सांडव्यावरून, म्हणजे जादा पाण्यासाठी ठेवलेल्या वाटेवरून, खाली जाते, आणि खरी परीक्षा तिथून सुरू होते.

धरणफुटी म्हटले की पुणेकराला १२ जुलै १९६१ आठवते. काम पूर्ण होण्याआधीच पानशेतमध्ये पाणी साठले, विमोचकाच्या (धरणातले पाणी सोडण्याच्या व्यवस्थेच्या) नळावरचा भराव खचू लागला, जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, तरी सकाळी धरण फुटले. पाठोपाठ खडकवासल्याची भिंतही गेली आणि नदीकाठचे पुणे पाण्याखाली गेले. पानशेत हे मोठे धरण. ‘आपला तलाव केवढासा’ हा दिलासा मात्र फसवा आहे. दहा दशलक्ष घनफुटांचा, म्हणजे तसा किरकोळ तलाव घेतला तरी त्यात सुमारे २८ कोटी लिटर पाणी असते, आणि भराव फुटल्यास ते थोड्या वेळात एकदम बाहेर पडते. २ जुलै २०१९ च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यात चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले. तो लघु पाटबंधारे प्रकल्प होता. खालची भेंदवाडी वाहून गेली, वीसच्या आसपास माणसे गेली. गळतीची तक्रार ग्रामस्थांनी आधीच केली होती.

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातले, म्हणजे शिरूर, दौंड, बारामती, इंदापूर, पुरंदर या पट्ट्यातले बरेच पाझर तलाव १९७२ च्या दुष्काळातले आणि त्यानंतरच्या रोजगार हमीच्या कामांतले आहेत. हाताला काम देणे ही तेव्हाची निकड होती, त्यामुळे कामाचा दर्जा गावागणिक वेगळा राहिला. आज या भरावांचे वय पन्नाशीच्या आसपास आहे.

भरावाची रचना बाहेरून वाटते तितकी साधी नसते. मध्ये चिकण काळ्या मातीचा गाभा असतो, त्याला हार्टिंग म्हणतात. दोन्ही अंगांना मुरुमाचे आवरण असते, ते केसिंग. गाभ्याची माती जमिनीखाली चर खणून कठीण थरापर्यंत नेलेली असते, म्हणजे पाणी पायाखालून निसटत नाही. पाण्याकडच्या उतारावर लाटांचा मारा झेलण्यासाठी दगडी पिचिंग (दगडांचे अस्तर), तर खालच्या पायथ्याशी झिरपलेले पाणी माती न घेता बाहेर पडावे म्हणून दगडांचा थर असतो, त्याला टो म्हणतात. एका कडेला मुक्त सांडवा असतो. त्याला दारे नसतात, म्हणून तो कोणी चालवावा लागत नाही. रात्री दोन वाजता तलावावर कोणीही नसताना हीच त्याची मोठी सोय आहे.

मातीचे धरण मुख्यतः दोन प्रकारे जाते. पाणी माथ्यावरून वाहते, किंवा आतून भराव पोखरते. काँक्रीटची भिंत माथ्यावरून गेलेले पाणी काही काळ सोसू शकते, मातीचा भराव ते फार वेळ सोसत नाही. खालचा उतार आधी धुपतो, धूप मागे सरकत माथ्यापर्यंत येते आणि खिंड पडली की पाणीच ती रुंद करत जाते. गुजरातेत मोरबीजवळचे मच्छू-२ धरण ११ ऑगस्ट १९७९ रोजी फुटले, तेव्हा सांडव्याच्या क्षमतेहून कितीतरी जास्त पाणी आले होते.

म्हणून सांडव्याशी केलेली छेडछाड ही सर्वांत घातक. पावसाळा सरता सरता थोडे जास्त पाणी साठावे या मोहाने सांडव्यावर पोती रचणे किंवा विटांचा बंधारा घालणे हा प्रकार अनेक ठिकाणी चालतो. पाण्याची गरज खरी आहे, पण हिशेब उलटा बसतो. सांडव्यावरून जाणारा विसर्ग पाण्याच्या उंचीच्या दीडाव्या घातात बदलतो. पुराचे पाणी सांडव्यावर एक मीटर चढेल असे धरून आखणी केली असेल आणि त्यातला अर्धा मीटर पोत्यांनी खाल्ला, तर पाणी आणि भरावाचा माथा यांतले अंतर पूर्वीइतकेच राखताना सांडव्याची क्षमता निम्म्यावर न थांबता साधारण ३५ टक्क्यांवर येते. अर्ध्या मीटरच्या जादा पाण्यासाठी पूर वाहून नेण्याची दोन तृतीयांश ताकद गमावणे हा सौदा कोणत्याही शेतकऱ्याला आतबट्ट्याचाच वाटेल. सांडव्याच्या पुढच्या चरात केलेले शेत, टाकलेला राडारोडा किंवा वाढलेली वेडी बाभूळही हेच नुकसान करते.

आतून पोखरण्याचा प्रकार अधिक लबाड असतो. प्रत्येक मातीचे धरण थोडे झिरपतेच, त्याने घाबरून जायचे कारण नाही. स्वच्छ पाणी चालते, गढूळ चालत नाही. पाणी गढूळ येऊ लागले म्हणजे ते भरावातली माती घेऊन येत आहे आणि आत पोकळी वाढते आहे. गळती मोजायला पायथ्याशी व्ही-नॉच, म्हणजे इंग्रजी ‘V’ आकाराची खाच असलेली आडवी पट्टी, बसवतात. तो नसेल तर बादली किती वेळात भरते हे दर आठवड्याला वहीत लिहिले तरी बरेच कळते, मात्र सोबत तलावाची पातळीही लिहायला हवी. विमोचकाचा नळ भरावातून जातो तिथे माती नीट दाबली जात नाही, म्हणून लक्ष आधी तिथे द्यावे. भरावावर वाढलेली झाडे तोडली तरी कुजलेल्या मुळांच्या वाटा उरतात. घुशी आणि खेकडेही बिळे करतात. तिवरे फुटल्यावर तत्कालीन जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांना दोष दिला तेव्हा राज्यभर चेष्टा झाली. बिळांनी भराव कमकुवत होतो हे खरे, पण बिळे शोधून बुजवणे हेच देखभालीचे काम आहे. त्यामुळे खेकड्यांकडे बोट दाखवून देखभालीचा प्रश्न सुटत नाही.

पुणे जिल्ह्यात पावसाची दोन टोके आहेत. ताम्हिणीच्या बाजूला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर, तर बारामती-इंदापूरकडे पाचशेच्या आसपास. सह्याद्रीच्या कुशीतले तलाव दरवर्षी भरतात आणि दरवर्षी तपासले जातात, निदान निसर्गाकडून तरी. पूर्वेकडचा तलाव लागोपाठ दोन-तीन वर्षे कोरडा राहू शकतो. त्या काळात काळ्या मातीला भेगा पडतात. मग २५ सप्टेंबर २०१९ सारखी एखादी रात्र येते, त्या वेळी कऱ्हा नदीला मोठा पूर आला होता, किंवा १४ ऑक्टोबर २०२० सारखा परतीचा पाऊस कोसळतो. भेगाळलेल्या भरावाशी तलाव एका रात्रीत काठोकाठ भरतो. माझ्या मते जिल्ह्यातल्या लहान धरणांचा सर्वांत जोखमीचा क्षण हा आहे, मुळशी-मावळातला जुलै नव्हे. गाळ काढतानाही भरावाच्या पायथ्यालगत खोल खणले, तर पाणी अडवणारा नैसर्गिक थर निघून जातो. ‘गाळमुक्त धरण’ या सरकारी योजनेच्या उत्साहात ही गोष्ट सहज विसरली जाते.

धरण सुरक्षितता कायदा, २०२१ मध्ये पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी बंधनकारक आहे. पण तो १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागू होतो. १० ते १५ मीटर उंचीच्या धरणासाठी आणखी अट आहे: लांबी किमान ५०० मीटर, किंवा साठा किमान दहा लाख घनमीटर (सुमारे ३५ दशलक्ष घनफूट), किंवा मोठा पूर-विसर्ग, अवघड पाया, वेगळ्या धाटणीचा आराखडा यांपैकी काहीतरी. बहुतेक पाझर तलाव या चाळणीतून खाली पडतात. शंभर हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेचे तलाव जिल्हा परिषदेकडे असतात, त्याहून मोठे मृद व जलसंधारण किंवा जलसंपदा विभागाकडे. गावात विचारले तर तलाव नेमका कोणाचा, याची उत्तरेही वेगवेगळी मिळतात.

कायद्याची फूटपट्टी उंची आणि साठा मोजते, खाली कोण झोपते ते मोजत नाही. अमेरिकेत १९५४ च्या कायद्याखाली शेतीच्या पाणलोटांत हजारो लहान पूरनियंत्रण धरणे बांधली गेली. बांधताना अनेकांच्या खाली नुसती शेते होती, पुढे तिथे घरे आली आणि तेच धरण कमी धोक्याच्या वर्गातून जास्त धोक्याच्या वर्गात गेले. हवेली, मुळशी, मावळ, पुरंदरमध्ये ओढ्याकाठी पडणारे प्लॉटिंग, फार्महाउस आणि रिसॉर्ट पाहता इथेही तेच घडते आहे. भराव तोच राहतो, धोका मात्र वाढतो, आणि बिगरशेती परवानगीच्या कागदावर वरच्या तलावाचा उल्लेख असतोच असे नाही.

गढूळ गळती दिसली तर ती खालून चिकणमातीने बुजवणे चुकीचे, कारण पाणी दुसरी वाट शोधते आणि आतला दाब वाढतो. त्यावर आधी जाड वाळू, मग खडी, मग दगड असा थर टाकतात, म्हणजे पाणी बाहेर येते आणि माती अडते. त्याच वेळी विमोचक पूर्ण उघडून पातळी उतरवायची आणि ओढ्याकाठची घरे रिकामी करायची. ऑगस्ट २०२२ मध्ये मध्य प्रदेशात धार जिल्ह्यातल्या कारम धरणाला गळती लागली तेव्हा गावे हलवून, कडेने चर खणून पाणी काढून देण्यात आले आणि जीवितहानी टळली. पोकलेन लावून असा चर काढायचा तर तो भराव सोडून, शक्यतो कठीण मुरुमातून काढावा लागतो. त्याची जागा उन्हाळ्यातच ठरवून ठेवलेली बरी.