बिनियम गिरमाय: फ्लँडर्स सोडून घरी का गेला होता

बिनियम गिरमाय हा इरिट्रियाचा सायकल रेसर, जो २०२२ ला बेल्जियमची टूर ऑफ फ्लँडर्स ही मोठी रेस सोडून घरी गेला होता. इरिट्रियात सायकल आली ती इटालियन लोकांबरोबर. राजधानी अस्मारात १९३७ ला पहिली रेस झाली तेव्हा स्थानिकांना एन्ट्रीच नव्हती, मग १९३९ ला इटालियन आणि स्थानिक दोघांना एकत्र उतरवलं आणि जिंकला इरिट्रियनच. पुढे इथिओपियाचा अंमल, तीस वर्षांचं युद्ध, १९९३ चं स्वातंत्र्य, तरी रेसिंगचं वेड गेलं नाही. २०१५ ला तर तिथल्याच एका रायडरने टूर दी फ्रान्समध्ये डोंगराची ठिपक्यांची जर्सी (चढांवर सगळ्यात जास्त गुण मिळवणाऱ्याची) घातली होती. म्हणून बिनियम कुठून तरी आकाशातून पडला असं जे लिहितात ना, ते काही पटत नाही.

२००० सालचा जन्म, अस्मारातला, मग स्वित्झर्लंडमधल्या ट्रेनिंग सेंटरमध्ये, मग एक फ्रेंच टीम जी पैशाअभावी गडगडली, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये बेल्जियन टीम. महिनाभरात २३ वर्षांखालच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये सिल्व्हर.

खरा वाद २०२२ च्या मार्चमधला. गेन्ट-वेव्हेलगेम ही बेल्जियममधली एक दिवसाची रेस त्याच्या प्रोग्रॅममध्ये नव्हतीच, दोन दिवस आधीच्या रेसमध्ये पाचवा आला म्हणून प्लॅन बदलून उतरवला आणि पठ्ठ्याने चौघांच्या ग्रुपमधून लांबून स्प्रिंट काढून रेस मारली. पुढच्या रविवारी टूर ऑफ फ्लँडर्स. फॉर्म असा, सगळं बेल्जियम याच्याच नावाने बोलतंय, आणि हा म्हणाला मी घरी चाललो. बायको आणि लहान मुलगी अस्मारात, तीन महिने भेट नाही. लगेच कुजबुज सुरू, की अशी संधी कोण सोडतं, प्रोफेशनल आहे की नाही वगैरे. आता बेल्जियन रायडर रेस संपली की संध्याकाळी घरी जेवायला असतो, त्याने हे बोलणं सोपं आहे. इरिट्रियन पासपोर्टवर युरोपचा व्हिसा म्हणजे काय कटकट असते हे माहीत असलेला माणूस असं बोलणार नाही. शिवाय घरी जायचं आधीच ठरलेलं होतं, जास्तीची रेस त्याने टीमसाठी केली होती! माझ्या मते निर्णय शंभर टक्के बरोबर होता, आणि दीड महिन्यात जिरोमध्ये (इटलीची तीन आठवड्यांची रेस) येसी गावातल्या फिनिशला त्या काळच्या सगळ्यात मोठ्या डच स्टारला समोरासमोर हरवून त्याने उत्तरही दिलं. हरलेल्याने तिथेच अंगठा वर करून दाद दिली. मग पोडियमवर बिनियम प्रोसेक्कोची (इटालियन फेसाळ वाइनची) बाटली उघडायला वाकला आणि बूच सरळ डाव्या डोळ्यावर बसलं, हॉस्पिटल, आणि दुसऱ्या दिवशी रेसमधून बाहेर.

२०२३ ला फ्लँडर्सला उतरला तर पडला, डोक्याला मार. त्या वर्षी टूर दी फ्रान्स पण कोरडी गेली. २०२४ च्या टूर दी फ्रान्समध्ये मात्र तुरिनला पहिली स्टेज (एका दिवसाचा टप्पा) जिंकली, मग अजून दोन. (दक्षिण आफ्रिकेच्या रायडरने २००७ ला स्टेज जिंकलीय, त्यामुळे टूरमध्ये स्टेज जिंकणारा "पहिला आफ्रिकन" नाही, पहिला कृष्णवर्णीय आफ्रिकन.) नीमला फिनिशजवळ आपटला, टाके पडले, हिरव्या जर्सीतली (स्प्रिंटच्या गुणांमध्ये पहिल्या असलेल्याची) आघाडी घटली, तरी नीसच्या शेवटच्या स्टेजपर्यंत टिकवलीच. २०२५ मध्ये एकही विजय नाही, आणि २०२६ साठी टीम बदलली.