इटालियन जेवायला येताय? आमच्या ग्राहकांसाठी थोडी माहिती

आमचं हॉटेल लहान आहे. सात टेबलं, एक भट्टी, आणि स्वयंपाकघरात आम्ही दोघं नवरा-बायको धरून चौघं जण. पहिल्यांदा येणारे ग्राहक बसल्या बसल्या जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं गर्दीच्या वेळी नीट देता येत नाहीत आणि घाईत काहीतरी सांगून मोकळं होणं आम्हाला पटत नाही. म्हणून हे पत्रक. ऑर्डर येईपर्यंत वाचा, नाहीतर घरी घेऊन जा.

इटालियन जेवण सोलापूरकराला वाटतं तितकं परकं नाही. तव्यावरची भाकरी पानात पडली की लगेच खायची, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. पास्त्याचंही तेच. ताट समोर आलं की फोटो एकच काढा आणि जेवायला लागा. पाच मिनिटांत सॉस घट्ट होतो आणि पास्ता एकमेकाला चिकटतो. मग तो परत गरम करून दिला, तरी पहिली चव येत नाही.

पास्ता कच्चा राहिलाय का?

सगळ्यांत जास्त वेळा ऐकू येणारी तक्रार हीच. पास्ता दाताला किंचित लागावा, अशीच तो शिजवायची पद्धत आहे. इटलीत त्याला ‘अल देन्ते’ म्हणतात, म्हणजे शब्दशः ‘दाताला’. वाळवलेल्या पास्त्याचा तुकडा शिजताना तोडून पाहिला तर मधोमध अगदी बारीक फिकट ठिपका दिसतो. तो ठिपका जेमतेम विरत आला की आम्ही पास्ता पाण्यातून काढतो, कारण पुढचा मिनिटभर तो सॉसमध्ये शिजणार असतो. घरात वयस्कर माणसं असतील, दातांचा त्रास असेल किंवा तुम्हाला मऊच आवडत असेल, तर ऑर्डर देतानाच सांगा. दोन-तीन मिनिटं जास्त ठेवू. त्यात संकोच वाटण्यासारखं काही नाही.

शिजल्यावरही पास्त्याचा आकार टिकतो तो गव्हामुळे. पास्त्याचा गहू ड्युरम जातीचा. दाणा टणक, पिवळसर, दळला की मैद्यासारखा भुगा न होता रवाळ राहणारा. आपल्याकडचा बन्सी गहू याच जातीचा, आणि बन्सी रवा कितीतरी घरांत नेहमी येतो. नुसत्या मैद्याचा पास्ता स्वस्त पडतो, पण उकळत्या पाण्यात त्याचा गिचका व्हायला वेळ लागत नाही. आम्ही तो वापरत नाही.

आमचा ताजा पास्ता फक्त रवा आणि कोमट पाण्याचा असतो, त्यात अंडं नसतं. उत्तर इटलीत, विशेषतः बोलोन्याच्या बाजूला, अंडं घालून मळतात. दक्षिणेकडे, पुलिया भागात, रवा-पाण्याचाच मळतात. तिथला ‘ओरेक्किएत्ते’ नावाचा पास्ता आम्ही शुक्रवारी आणि रविवारी हाताने वळतो. नावाचा अर्थ ‘छोटे कान’. पिठाची वळी करून तिचे तुकडे पाडायचे आणि अंगठ्याने दाबून वाटीसारखे उलटायचे.

एकदा एक आजी नातवाच्या वाढदिवसाला आल्या होत्या. स्वयंपाकघराच्या दारातून त्या बराच वेळ आमचे हात बघत होत्या. मग आत आल्या, हात धुतले, पिठाचा गव्हाएवढा कण चिमटीत धरला आणि नखाने दाबून ताटात सोडला. म्हणाल्या, “अगं, या तर नखुल्या. आमच्या लग्नात वळवटाची खीर होती.” ज्यांनी गव्हले, मालत्या, नखुल्या, फेणुल्या रुखवतात मांडलेल्या पाहिल्या आहेत, त्यांना त्या क्षणी आम्हाला काय वाटलं ते सांगायला नको. आजींच्या नखुल्या आम्ही वेगळ्या शिजवल्या. आमच्या निम्म्याहून कमी वेळात झाल्या, कारण हात इतका बारीक होता. तेव्हापासून शुक्रवारी संध्याकाळी पास्ता वळायचं ताट आम्ही आत न ठेवता बाहेर, कोपऱ्यातल्या टेबलावर ठेवतो. कुणालाही करून पाहायचं असेल तर बसा, मुलांना बसवा.

रेड, व्हाइट की पिंक?

तिन्ही मिळतात. व्हाइट सॉस म्हणजे लोण्यात मैदा परतून त्यात दूध आणि वर जायफळ. इटलीतही हा सॉस आहे, पण तो मुख्यतः लझान्याच्या थरांत जातो. रोममधून जगभर गेलेला आल्फ्रेदो सॉस मुळात लोणी आणि किसलेलं चीज एवढ्यावरच होतो, त्यात क्रीम नसतं. तुम्ही ‘व्हाइट’ मागितलात की आम्ही जायफळवालाच देतो. मुलांना आवडतो.

पण आमचं मन विचाराल तर लसणाचा पास्ता मागवा. ‘आल्यो ए ओल्यो’ म्हणजे लसूण आणि तेल, बस. लसणाचे पातळ काप ऑलिव्ह तेलात मंद आचेवर सोनेरी होऊ द्यायचे, तांबडे झाले की कडू होतात. त्यात सुकी मिरची. मग पास्ता उकळलेल्या पाण्याची एक पळी. हे पाणी आम्ही कधीच ओतून देत नाही. रव्यातलं सत्त्व त्यात उतरलेलं असतं, भाताच्या पेजेसारखं. तेल आणि हे पाणी जोरात हलवलं की दोन्ही मिळून येतात आणि पास्त्याला चमकदार लेप बसतो. शेंगा चटणीवर वाढलेल्या जिभेला लसूण-मिरचीची ओळख करून द्यावी लागत नाही. तिखट जास्त हवं असेल तर मिरची तेलातच वाढवून देऊ, वरून भुरभुरून ती चव येत नाही.

टोमॅटोच्या सॉसमध्ये आम्ही साखर आणि केचप घालत नाही. टोमॅटो आंबट असतील तर जास्त वेळ शिजवतो. मिरची आपल्याकडे बाहेरून आली, तसा टोमॅटोही इटलीत बाहेरूनच आला, दोन्ही मूळचे अमेरिका खंडातले. आज त्यांच्याशिवाय दोन्हीकडचं स्वयंपाकघर चालत नाही.

रिझोत्तोला अर्धा तास लागतो आणि तो आधी करून ठेवता येत नाही. तांदूळ न धुता परतायचा, मग गरम स्टॉक, म्हणजे भाज्या उकळलेलं पाणी, थोडा थोडा घालत सतत ढवळायचं, म्हणजे तांदळातलं सत्त्व सुटून दाटपणा येतो. पुलावासारखा मोकळा भात अपेक्षित असेल तर निराशा होईल. तो आसटच असतो, ताटात हळूच पसरणारा.

आमच्याकडच्या सूपबरोबर ब्रेड येत नाही, ज्वारीची कडक भाकरी येते. इटलीतल्या तोस्काना भागात शिळा पाव घेवड्याच्या आणि पालेभाजीच्या सूपमध्ये भिजवून पुन्हा उकळतात. ‘रिबोल्लिता’ म्हणजे पुन्हा उकळलेलं. आमटीत कडक भाकरी कुस्करणाऱ्या माणसाला यात नवल वाटणार नाही. भाकरी मंगळवेढ्याच्या ज्वारीची असते.

पिझ्झा आणि सोलापूरचा उन्हाळा

नापोलीत पिझ्झा लाकडाच्या भट्टीत सुमारे 480 अंशांवर 60 ते 90 सेकंदांत होतो. तिथल्या पिझ्झा करणाऱ्यांच्या कलेला 2017 मध्ये युनेस्कोने मानवी वारशाच्या यादीत घेतलं. आमची भट्टी गॅसची आहे आणि इतकी तापत नाही, त्यामुळे आमच्या पिझ्झ्याला चार-पाच मिनिटं लागतात आणि कडा थोडी जास्त कुरकुरीत होते.

पीठ मात्र आम्ही किमान 24 तास थंडीत ठेवतो. यीस्ट कमी आणि वेळ जास्त, यात चव येते. हे आम्ही फार महागात शिकलो. पहिल्याच मे महिन्यात, पारा चाळिशीच्या वर असताना, दुपारभर वीज गेली. संध्याकाळी डबे उघडले तर पीठ आंबून वाहत होतं. त्या रात्री आधी सांगून आलेल्या एका कुटुंबाला पिझ्झा नाही म्हणावं लागलं. त्यांच्या छोट्या मुलीचा पडलेला चेहरा आम्हाला अजून आठवतो. आता पीठ रात्री बर्फाच्या पाण्यात मळतो आणि फ्रीजला वेगळा इन्व्हर्टर आहे. तरीही एप्रिल-मेमध्ये उंडे मोजकेच करतो. संपले की संपले, घाईचं पीठ देत नाही.

मार्गेरिता पिझ्झ्यावर जी पानं दिसतात ती तुळस नव्हे, बेसिल. तुळशीची बहीण म्हणता येईल. उन्हाळ्यात सरबतात, फालुद्यात घालतो तो सब्जा याच झाडाचं बी. आमच्या कुंड्या मागच्या अंगणात हिरव्या जाळीखाली आहेत. मे महिन्यात पानं लहान आणि उग्र होतात, तेव्हा आम्ही ती कमी घालतो.

शाकाहार, जैन जेवण, पथ्य

आमचं हॉटेल पूर्ण शाकाहारी आहे, अंडंही नाही. इथे एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. पार्मेजान म्हणून प्रसिद्ध असलेलं अस्सल ‘पार्मिजानो रेज्जानो’ वासराच्या जठरातल्या रेनेटनेच (दूध गोठवणाऱ्या पदार्थानेच) बनवतात, तसा नियमच आहे. म्हणून ते आम्ही ठेवत नाही. त्याऐवजी शाकाहारी रेनेटचं भारतीय कडक चीज वापरतो. पाकीट बघायचं असेल तर मागा, दाखवू. शेवटी खायचं गोड तिरामिसूही बिनअंड्याचं आणि मद्याशिवायचं असतं, त्यातला केक आम्हीच भाजतो.

कांदा-लसूण-कंदमुळं नको असतील तर टोमॅटो-बेसिलचा सॉस वेगळ्या भांड्यात ताजा करतो, त्याला वीस मिनिटं द्या. सूप आणि रिझोत्तो मात्र आदल्या दिवशी सांगितलं तरच जमतं, कारण रोजच्या स्टॉकमध्ये कांदा आणि गाजर असतं. गव्हाची ॲलर्जी असणाऱ्यांना आम्ही खात्री देऊ शकत नाही. आमच्या स्वयंपाकघरात दिवसभर पीठ उडत असतं, आणि यात धोका पत्करू नये.

येण्याआधी

एक प्लेट पास्ता आणि एक पिझ्झा दोघांना पुरतो. सगळं मध्ये ठेवून वाटून खा, एकदम मागवू नका, लागेल तसं सांगत जा. वाढदिवसाला घरचा केक आणला तर चालेल, फक्त फवाऱ्याचा फेस नको, तो शेजारच्या ताटात उडतो. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत शहरात पाहुण्यांची गर्दी असते, तेव्हा चारपेक्षा जास्त जण असाल तर आदल्या दिवशी कळवा.

पार्सलला लझान्या आणि पिझ्झा उत्तम टिकतात. पिझ्झा घरी गरम करायचा तर मायक्रोवेव्हमध्ये नको, तव्यावर मंद आचेवर झाकण ठेवून तीन-चार मिनिटं. लसणाचा पास्ता आणि रिझोत्तो आम्ही पार्सल देत नाही. ते खायचे असतील तर इथेच या.